आत्याचं ओन अप

आत्याचा खिळा सव्वीस वर्षं रिकामा होता. त्याचा तिला एवढा तोरा, की दर शनिवारी ती तो रिकामा खिळा फडक्याने पुसायची. भरलेल्या खिळ्यांवर धूळ बसली तरी चालेल, तिच्या खिळ्यावर नको.

खिळ्यांची भानगड अशी. पुस्तक काही अखंड जन्माला येत नाही. छापखान्यातून मोठाले कागद येतात, घड्या घातल्या की त्यांचे सोळा-सोळा पानांचे जुडगे होतात. त्याला म्हणायचं फर्मा. बाइंडिंगच्या त्या कारखान्यात एक लांबलचक टेबल होतं, त्यावर फर्म्यांच्या थप्प्या ओळीने लावलेल्या. पहिला, दुसरा, तिसरा, असं करत अकरापर्यंत. चार बाया टेबलाभोवती फिरत राहायच्या आणि प्रत्येक थप्पीतला वरचा फर्मा उचलत जायच्या. एक फेरी, एक पुस्तक. दिवसाला किती फेऱ्या होतात ते आत्याच्या गुडघ्यांना विचारा. फेरी संपली की शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आपापली खूण करायची. आत्याची खूण म्हणजे एक टिंब. "बाकीच्यांनी नक्षी काढावी. माझं टिंब बास."

बाजारात गेलेलं एखादं पुस्तक परत यायचं. कुठे फर्मा उलटा लागलेला, कुठे एक गायबच. मालकीणबाई शेवटच्या पानावरची खूण बघायच्या, पुस्तकाला भोक पाडून सुतळी ओवायच्या, आणि ज्या बाईची खूण तिच्या खिळ्यावर ते लटकायचं. वर्षभर. चहा पिताना, डबा खाताना, समोर आपलीच चूक लोंबकळतेय. मालकीणबाईंच्या वडिलांनी काढलेला नियम होता तो. ते गेले, खिळे राहिले.

टेबलावरच्या चार बायांत दोघी सख्ख्या बहिणी होत्या. त्या फक्त एकमेकींशी बोलायच्या आणि त्यांच्या खिळ्यांवर तीन-तीन पुस्तकं सुखाने नांदत होती. चौथी चिमणी. चोवीस वर्षांची, चार महिन्यांपूर्वी लागलेली, तोंडाची टकळी अखंड चालू. बहिणीच्या घरी राहत होती, आणि काम सुटलं की परत आईकडे जायचं असा तिच्या मेव्हण्याने सज्जड दम भरलेला. तिच्या खिळ्यावर चार महिन्यांत दोन पुस्तकं आली होती. मालकीणबाईंनी तिला स्वच्छ सांगितलं होतं, "तिसरं आलं की टेबल सोडायचं. नवीन माणसाला दोनच माफ."

दुसरं पुस्तक लटकवायला मालकीणबाईंना वेळ नव्हता. तो मान आत्याने स्वतःहून घेतला. स्टुलावर चढली, सुतळीची गाठ दोनदा मारली आणि खाली उतरून हात झाडत म्हणाली, "बघ गं चिमणे. सव्वीस वर्षं. एक तरी आहे का माझ्या खिळ्यावर? डोळे हातात ठेवून काम करायचं असतं."

चिमणीचा चेहरा एवढासा झाला. आत्या मात्र मान ताठ करून फेरीला निघाली.

तेवढ्यात कटरकाका बोलले.

कटरकाका म्हणजे कागद कापायच्या मशीनवरचे. तीस वर्षं त्या पात्याखाली हात घालूनही दहाची दहा बोटं शाबूत, आणि ती दहा बोटं ते प्रत्येक नव्या माणसाला मोजून दाखवायचे. तरुणपणी कुठल्याशा साहेबाच्या हाताखाली होते म्हणे, त्यामुळे इंग्रजीचे तुकडे तोंडात असायचे. कुणीही समोरून गेलं की "कॅरी ऑन!" मांजर गेलं तरी "कॅरी ऑन!"

त्या दिवशी ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "आत्याबाई, तुम्ही फार शो ऑफ करता."

"काय करते?"

"शो ऑफ."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तेच, जे तुम्ही करता." आणि मशीनचा खटका दाबून मोकळे.

आत्याच्या अंगाचा तिळपापड झाला. शिवी दिली असती तर चाललं असतं, शिवी परत तरी करता येते. पण न कळणारा शब्द परत कसा करायचा? दिवसभर फेऱ्या मारत ती स्वतःशी पुटपुटत होती, शो ऑफ, शो ऑफ. आणि चौथ्या की पाचव्या फेरीला तिच्या डोक्यात उजेड पडला. टेबलावर त्या आठवड्यात जे पुस्तक होतं, ते नेमकं असल्या शब्दांचंच होतं. इंग्रजीतले जोडशब्द, शेजारी आपल्या भाषेत अर्थ, खाली एकेक वाक्य. अकरा फर्मे, तीन हजार प्रती. ज्ञानाची गंगा हाताखालून वाहत होती आणि आत्या तिला नुसती घडी मारत होती!

आत्या सातवीपर्यंत शिकलेली. इंग्रजी अक्षरं ओळखायची, पण एकेकाला हाताला धरून रस्ता ओलांडून द्यावा तशी. तरी तिने नवव्या फर्म्यात शब्द शोधला. शो ऑफ करणे, म्हणजे आपलं कौतुक सगळ्यांना दिसावं म्हणून मिरवणे.

"मी मिरवते?" ती मोठ्याने म्हणाली. दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं.

तेव्हापासून युद्ध पेटलं. कारखान्यातला कागद घरी न्यायला सक्त मनाई होती. तरी आत्या रोज संध्याकाळी एक फर्मा डब्याच्या पिशवीत सरकवायची, रात्रीच्या स्वयंपाकाआधी एक शब्द पाठ करायची, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन फर्मा त्याच्या थप्पीत परत. मग दहाच्या चहाला काकांवर हल्ला.

"काका, तुमचं घोरणं तुमच्या घरचे कसं काय पुट अप विथ करतात?"

"काका, तुम्ही आज फारच उशिरा टर्न अप झालात."

काकांना पहिल्या दिवशी ठसका लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीन बंद केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आत्याबाई, तुम्ही गुपचूप क्लास लावलाय." आत्या गालातल्या गालात हसली.

घरी तिचा क्लास ऐकायला एकच विद्यार्थिनी होती, तिची सासू. सासूबाईंचा पाय सुजलेला, त्यामुळे दिवसभर खिडकीजवळच्या खाटेवर. तोंड मात्र ठणठणीत.

"काय गं, आता इंग्रजीत भांडणार का माझ्याशी?" रविवारी संध्याकाळी त्यांनी विचारलं.

"तुमच्याशी कुठल्याच भाषेत जिंकता येत नाही. ऐका. ओन अप."

"कोण आलं?"

"कोणी नाही आलं. ओन अप करणे म्हणजे आपली चूक आपणहून कबूल करणे. हे बघा खाली वाक्य. काच मी फोडली असं मुलाने ओन अप केलं."

"मग त्यात नवीन काय? चोर पकडला की कबूल करतोच."

आत्याने बोट ठेवून पुन्हा वाचलं. "नाही. पकडल्यावर नाही. खाली बारीक अक्षरात दिलंय. पकडलं जायच्या आधी, कुणी विचारायच्या आधी, स्वतःहून. पकडल्यावर सांगितलं तर त्याला हा शब्द नाही वापरायचा."

सासूबाईंनी चहाचा कप हातात घेतला. "असला शब्द आपल्या घरात कोण वापरणार? तुझा नवरा तर रिमोट हातात असतानाही म्हणतो, रिमोट मी नाही घेतला."

दोघी अशा हसल्या की कप हिंदकळला, आणि चहाचा एक थेंब टपकन सहाव्या फर्म्यावर. आत्याने पदराने टिपला, फुंकरा मारल्या. कडेला रुपयाएवढा पिवळा डाग राहिलाच.

"झालं," सासूबाई म्हणाल्या. "आता कर ओन अप."

"डागाकडे कोण बघतंय," आत्या म्हणाली.

सोमवारी सकाळी ती कुलूप उघडल्या उघडल्या पोचली. फर्मा पिशवीतून काढला. सहावी थप्पी टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला. ती निम्म्यावर पोचते न पोचते तोच दारात, "कॅरी ऑन, आत्याबाई!"

काका आज लवकर! आत्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि हातातला फर्मा समोर जी थप्पी होती तिच्यात, वरच्या दोन-तीन फर्म्यांखाली सारला. काका निघाले की काढू आणि जागच्या जागी ठेवू. पण काका कुठले निघतात? त्यांना बोटं मोजायची होती, कुणीतरी नवा पोऱ्या कागदाच्या गाडीबरोबर आला होता. मग चिमणी आली, येताच फेरीला लागली, टकळी सुरू. मग दोघी बहिणी. मग कामाचा रेटा. आत्याच्या डोक्यातून फर्मा उडाला तो उडालाच.

ती थप्पी नवव्याची होती.

हे आत्याला आठवलं ते थेट गुरुवारी. दरम्यान पुस्तकांची शिलाई झाली, पाठीला सरस लागला, कव्हरं चढली, काकांनी तिन्ही कडा कापल्या, पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधून झाले. एकशेवीस गठ्ठे भिंतीपाशी उभे. शुक्रवारी दुपारी गाडी येणार होती.

दहाच्या चहाला काका म्हणाले, "आज काय? भात्यातले बाण संपले वाटतं."

"एक राखून ठेवलाय," आत्या म्हणाली. "काका, तुम्ही कधी आयुष्यात ओन अप केलंय?"

"ओन अप? असा शब्दच नाही."

"पैज!"

काकांनी कापून झालेली एक जादा प्रत उचलली, आत्याने ती हिसकून सहाव्या फर्म्यातलं पान काढलं, विजयी बोट ठेवलं. "हे बघा. ओन अप."

काका मान खाली घालून वाचू लागले. आत्याही त्या पानाकडे बघत होती. कोरं, स्वच्छ पान. डाग नाही. अर्थात, ही वेगळी प्रत. मग डागाचं पान कुठे...

आत्याने हातातला चहा न पिताच खाली ठेवला.

सहाव्या थप्पीत आपण तो ठेवलाच नाही. नवव्यात खुपसला. वरून तिसरा. आणि सोमवारची पहिली फेरी कुणी केली? दुसरी, तिसरी, चौथी कुणी केली? चिमणीने. म्हणजे त्या एकशेवीस गठ्ठ्यांत कुठेतरी एक पुस्तक आहे, ज्यात सहावा फर्मा दोनदा आहे, नववा नाहीच, आणि शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात चिमणीची खूण आहे. छोटीशी चोच.

चिमणीचं तिसरं पुस्तक.

आणि आत्याला अजून एक गोष्ट आठवली, ती तर आणखी वाईट. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी रेघ छापलेली असते, प्रत्येकाची जरा खाली-खाली. पुस्तक बरोबर जुळलं असेल तर पाठीवर त्या रेघांचा सरळ जिना दिसतो. एक जरी पायरी चुकली तर लांबूनच डोळ्यात खुपते. कव्हर चढायच्या आधी तो जिना तपासायचं काम या पुस्तकापासून एकाच बाईवर सोपवलेलं होतं. सव्वीस वर्षं रिकाम्या खिळ्याच्या बाईवर. आणि सोमवारी, मंगळवारी ही बाई जिन्यासमोर उभी राहून ओठातल्या ओठात पुट अप विथ, पुट अप विथ करत होती.

"आत्याबाई, पांढऱ्या पडलात," काका म्हणाले. "शब्द आहे, मान्य. पैज तुम्ही जिंकलात. चहा प्या."

आत्याला जिंकल्याचा आनंद झाला नाही, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

दुपारच्या सुट्टीत सगळे डबे खायला बसले, तेव्हा आत्या गठ्ठ्यांमागे गेली. एकाची दोरी सोडली. सोपं होतं म्हटलं तर. आठवा फर्मा जिथे संपतो ते एकशे अठ्ठावीसचं पान उघडायचं, समोर एकशे एकोणतीस दिसलं तर पुस्तक चांगलं. एक्याऐंशी, म्हणजे सहाव्याचं पहिलं पान, दिसलं तर तेच ते. पंचवीस पुस्तकं, पंचवीस वेळा एकशे एकोणतीस. गठ्ठा बांधला. दुसरा सोडला. एकशे एकोणतीस, एकशे एकोणतीस. सुट्टी संपली तेव्हा चार गठ्ठे झाले होते. राहिले एकशे सोळा. आत्याचं गणित कच्चं होतं, पण एवढं तिला कळलं की असंच चाललं तर गाडी पुढच्या महिन्यात निघेल.

"आत्या, जेवली नाहीस?" चिमणी समोर. हातात स्वतःचा डबा. "काय शोधतेयस? मी मदत करू?"

"तू आपलं काम कर गं बाई! दरवेळी मध्ये मध्ये!"

चिमणी डबा टेबलाच्या कडेला ठेवून म्हणाली, "अर्धा ठेवलाय तुझ्यासाठी. माझ्यावर कशाला चिडतेस, मी काही केलंय का?" आणि गेली.

काही केलंय का! आत्याला तो डबा बघवेना. खाणं तर दूरच राहिलं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. संध्याकाळपर्यंत आत्याने मनातल्या मनात सगळ्या वाटा चाचपून पाहिल्या. पुस्तक परत येईलच असं कुठे आहे? शाळेतलं एखादं पोरगं नववा फर्मा नाही म्हणून आनंदाने उड्या मारेल, तेवढा अभ्यास कमी. आलंच परत, तर चिमणीची बाजू आपण घेऊ. "मालकीणबाई, पोर लहान आहे, सांभाळून घ्या." असं बोलताना आपण किती मोठ्या मनाच्या दिसू, हेही तिला दिसलं. आणि तिथेच तिची तिलाच चीड आली. म्हणजे चूक आपली, शिक्षा तिला, आणि मोठं मनही परत आपलंच?

सुटायच्या वेळी तिने काकांना गाठलं. ते पातं पुसत होते.

"काका, एक विचारू? समजा, एखाद्या माणसाने चूक केली. आणि ती सापडली. आणि मग त्याने सांगितलं की हो, माझीच. तर त्याला ओन अप म्हणता येईल की नाही?"

काकांनी पातं पुसायचं थांबवलं नाही. "पुस्तक तुम्हीच दाखवलंत सकाळी. त्यात तर आधी असं लिहिलंय."

"पण समजा सापडायला सहा महिने लागणार असतील?"

"मग तुमच्याकडे सहा महिने आहेत."

"माझ्याकडे कशाला? मी एखाद्या माणसाचं म्हणतेय."

"मग त्या एखाद्या माणसाला सांगा," काका म्हणाले, "की सहा महिने त्याला झोप लागणार नाही, आणि चार गठ्ठ्यांच्या दोऱ्या त्याने उलट्या बांधल्यात. माझी गाठ अशी नसते." मग फडकं झटकत म्हणाले, "मी विचारलेलं नाही हं. अजून कुणीच विचारलेलं नाही."

आत्या घरी गेली. सासूबाईंनी विचारलं, "आजचा शब्द?" ती म्हणाली, "आज सुट्टी." सासूबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं, आणि पहिल्यांदाच टोमणा गिळला.

शुक्रवारी सकाळी मालकीणबाई डोक्यावरचा चष्मा टेबलावर शोधत होत्या. आत्या समोर उभी राहिली.

"डोक्यावर आहे."

"हो का. बोल."

"मालकीणबाई, समजा एखादीने एक फर्मा..."

"कोण एखादी?"

"आहे एक. समजा तिने फर्मा घरी नेला."

"कुणी नेला?" मालकीणबाईंचा आवाज चढला. टेबलाभोवतीच्या फेऱ्या थांबल्या. दोघी बहिणी पहिल्यांदाच एकमेकींना सोडून तिसरीकडे बघू लागल्या. "चिमणे, तू नेलास?"

"मी?" चिमणीच्या हातातले फर्मे घसरले. "नाही हो बाई, मी कशाला..."

"मीच!" आत्या एवढ्या जोरात ओरडली की काकांनी खटक्यावरचा हात काढून घेतला. "मी नेला! रोज नेत होते. आठवडाभर. सोमवारी परत ठेवताना सहावा नवव्यात खुपसला. एक पुस्तक खराब आहे त्या गठ्ठ्यांत. खूण चिमणीची असेल, पण फर्मा मी घातलाय. आणि जिना मी तपासला, म्हणजे तपासलाच नाही. पाठांतर करत होते. आणि फर्म्यावर चहा सांडलाय, तो मात्र सासूबाईंनी."

काकांचा खाकरल्याचा आवाज आला.

"सासूबाईंना कशाला मध्ये घेतलंत, आत्याबाई? एवढं चांगलं ओन अप चाललं होतं."

मालकीणबाईंना राग आला होता हे उघड होतं, पण त्या चष्मा काढून, पुसून, परत डोक्यावरच ठेवून बसल्या. "कागद घरी न्यायचा नाही, हे माझ्या वडिलांनी तुलाच सांगितलेलं ना?"

"मलाच."

"आणि तरी?"

"काकांनी मला शो ऑफ म्हटलं."

"मग?"

"मग काही नाही. बरोबरच म्हटलं."

मालकीणबाईंनी घड्याळ पाहिलं. "दीडला गाडी येईल. सगळे लागा. मशीन बंद करा. एकशे अठ्ठावीसचं पान उघडा."

आणि मग त्या कारखान्यात जे कधी झालं नव्हतं ते झालं. पाच माणसं आणि खुद्द मालकीणबाई जमिनीवर बसून पुस्तकं उघडत होती. एकशे एकोणतीस, एकशे एकोणतीस. सगळे तोच आकडा पुटपुटत होते, पाढा एका ओळीवर अडकल्यासारखा. काका मध्येच म्हणायचे, "कॅरी ऑन, कॅरी ऑन." दोघी बहिणींनी बिनबोलता वीस गठ्ठे उरकले. आत्याचे गुडघे कुरकुरत होते आणि ती त्यांना म्हणत होती, "पुट अप विथ करा आता."

साडेबारा वाजले. चिमणी अचानक गप्प झाली. चिमणी गप्प म्हणजे घड्याळ बंद पडल्यासारखं, लगेच कळतं. आत्याने मान वळवली. चिमणीच्या हातात पुस्तक होतं आणि ती ते हळूच मागे, रद्दीच्या पोत्याकडे सरकवत होती.

"आण इकडे."

"काय?"

"चिमणे, मी तुझ्याएवढी होते ना, तेव्हापासून लोकांचे हात बघतेय. आण."

चिमणीने पुस्तक पुढे केलं नाही. हळू आवाजात म्हणाली, "जाऊ दे ना आत्या. रद्दीत टाकते. कुणाला कळणार? म्हणू सापडलंच नाही. तुझा खिळा..."

ही पोर! जिच्या खिळ्यावर आपण दोन-दोन गाठी मारल्या. आत्याने पुस्तक ओढून घेतलं. एकशे अठ्ठावीस, समोर एक्याऐंशी. दोन पानं उलटली तर पिवळा डाग. सासूबाईंचा चहा.

"सापडलं!" ती ओरडली.

कोपऱ्यातली चोच तिने खोडरबराने पुसली. पुन्हा पुन्हा पुसली, कागद झिजेस्तोवर, आणि तिथे पेन्सिलीने टिंब काढलं. चांगलं ठळक. मग सुतळी घेतली, स्टूल ओढलं.

"मी चढते," चिमणी म्हणाली, "तुझे गुडघे..."

"गप. स्टूल धर नुसतं."

आत्या चढली आणि सव्वीस वर्षं पुसलेल्या चकचकीत खिळ्यावर पुस्तक लटकवलं. गाठ दोनदा मारली. खाली सगळे बघत उभे. तिला वाटलं होतं तोंड लपवायला जागा उरणार नाही. पण झालं असं की फक्त गुडघे दुखले.

"आणि ऐक," मालकीणबाई म्हणाल्या, "आजपासून जिना दोघींनी तपासायचा. तू आणि चिमणी. एकीने बघताना दुसरीने बोलायचं नाही."

"हे चिमणीला सांगा," आत्या म्हणाली.

"हे तुला सांगतेय."

दीडला गाडी आली, गठ्ठे गेले. चहाला काका लटकलेलं पुस्तक हातात धरून चाळत होते. मग ते हसू लागले. आधी बारीक, मग खांदे हलायला लागले.

"काय झालं?"

"नववा फर्मा यात नाही ना? म्हणजे शो ऑफ उडालं. आणि सहावा दोनदा. म्हणजे ओन अप दोनदा!" त्यांनी डोळे पुसले. "आत्याबाई, हे पुस्तक खराब नाही. हे तुमचं दुरुस्त केलेलं पुस्तक आहे."

दोघी बहिणी हसल्या. चिमणी हसली, आणि आत्याकडे बघून एकदम थांबली. आत्याने तिच्या पाठीत एक धपाटा घातला, तेव्हा परत हसली.

संध्याकाळी सासूबाईंनी आधीच विचारलं, "केलंस?"

"केलं."

"माझ्या चहाचं सांगितलंस की नाही?"

"ते कसं विसरेन?"

"वाटलंच," सासूबाई म्हणाल्या आणि पाय पसरले. "आता उद्याचा शब्द कुठून आणणार? पिशवी तर बंद."

पण त्याची सोय झाली होती. शनिवारी आत्याने नेहमीसारखं फडकं घेतलं, खिळ्यापाशी गेली, आणि पुस्तकाची धूळ झटकता झटकता उघडून उभी राहिली. आता कुणाची परवानगी नको, काही लपवायला नको. पुस्तक तिच्याच खिळ्यावर, तिच्याच नावाचं, वर्षभरासाठी. दहाच्या चहाला चिमणी शेजारी येऊन उभी राहिली, बोट ठेवून अडखळत वाचू लागली.

"कॅरी ऑन," मशीनवरून काका म्हणाले.

"काका," आत्या पान न सोडता म्हणाली, "शट अप. तेही याच्यातच आहे, दहाव्या फर्म्यात. शोधायला फार वेळ लागला नाही."